रेघ कुठल्या बाजूला पडणार?

‘रुळाशेजारी’: वाचकांचे प्रश्न आणि एका निवृत्त परमनंट वे इन्स्पेक्टरची (रेल्वेच्या रुळांची देखभाल बघणाऱ्या अधिकाऱ्याची) उत्तरं

प्रश्न

काका, सप्रेम नमस्कार.

मी मावळात, कामशेत आणि मळवलीच्या मधल्या एका गावात राहते. लग्न होऊन आले तेव्हापासून, म्हणजे 31 वर्षं, रुळाशेजारीच संसार झाला. आमचं घर, मागे भाड्याच्या दोन खोल्या, विहीर, आंब्याची 6 झाडं आणि त्याला लागून 22 गुंठे भाताची खाचरं. खाचरं रुळाच्या डोंगराकडच्या अंगाला आहेत, नदी पलीकडच्या अंगाला. ओट्यापासून रेल्वेच्या कुंपणापर्यंत मी मोजली, 34 पावलं भरली.

पुणे–लोणावळा तिसरी-चौथी लाईन होणार असं मी नवी नवरी असल्यापासून नाही, पण आठ-दहा वर्षं तरी ऐकते आहे. आता मंत्रिमंडळाची मान्यता झाली म्हणतात. दिवाळीनंतर दोन मुलगे तिकाटणं घेऊन आले, बांधावर एक खुंटी ठोकली, तिला गुलाबी रिबीन बांधली आणि गेले. विचारलं तर म्हणाले, ‘मावशी, आम्हाला काही माहीत नाही, आम्ही फक्त लेव्हल घेतो.’ तेव्हापासून घरात झोप नाही. यांचं म्हणणं, रेल्वे येईल तेव्हा बघू. धाकटे दीर म्हणतात, तळेगावचा एक माणूस रोख द्यायला तयार आहे, आत्ताच देऊन टाकू, नंतर कवडी मिळणार नाही. सासऱ्यांची थोडी जमीन पूर्वी एका रस्त्यात गेली होती. पैसे हाती यायच्या आधीच सासरे वारले. त्यामुळे यांना कागद म्हटलं की धडकीच भरते. सातबाऱ्यावर अजून सासऱ्यांचंच नाव आहे.

माझा लाईनला विरोध नाही. सून चिंचवडला एका लॅबमध्ये कामाला जाते. संध्याकाळची लोकल कुठल्या तरी एक्स्प्रेसला वाट द्यायला बाजूला उभी राहिली की तिला घरी यायला रात्र होते, आणि दुपारी तर गाडीच मिळत नाही. लोकल वाढणार असतील तर वाढू देत. पण आमचं घर जाणार का? खाचरात आत्ताच ऑगस्टमध्ये दोन-दोन दिवस पाणी तुंबतं, ते वाढेल का? फाटक बंद करून खालून रस्ता काढणार म्हणतात, ते खरं का? आणि एवढं सगळं करून लोकल खरंच वाढतील का?

— एक वाचक, मावळ

उत्तर

ताई, नमस्कार.

सगळ्यात आधी ती खुंटी. उपटू नका आणि तिची धास्तीही घेऊ नका. सर्वेची पोरं खरंच बोलली. नकाशा पक्का व्हायच्या आधी जमिनीचा चढ-उतार टिपावा लागतो, त्यासाठी दोन्ही अंगांना अशा खुंट्या मारतात. गुलाबी रिबीन बांधली म्हणजे जमीन घेतली असं होत नाही. मी नोकरीत असताना ठोकलेल्या कितीतरी खुंट्यांवर पुढे गुरं बांधलेली पाहिली आहेत.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही चार प्रश्न विचारलेत. पण त्यातले निम्मे एकाच प्रश्नाला लटकलेले आहेत आणि तो तुम्ही विचारलाच नाहीत: नवी जोडी आत्ताच्या रुळांच्या कुठल्या बाजूला पडणार? डोंगराकडे, नदीकडे, की एक इकडे आणि एक तिकडे? पुण्यापासून लोणावळ्यापर्यंत, जवळपास 64 किलोमीटर, ती एकाच बाजूने सरळ जाईल असं समजू नका. कुठे स्टेशन आडवं येतं, कुठे पूल, कुठे वस्ती, तसतशी बाजू बदलते. तुमच्या शेजारच्या गावाला जे लागू, ते तुम्हाला लागू असेलच असं नाही. म्हणून तळेगावच्या माणसाचं, दिरांचं आणि माझंही ऐकून निर्णय घेऊ नका. नकाशा बघा.

बाजूने किती फरक पडतो ते सांगतो. दोन रुळांच्या मधोमधपासून मधोमधपर्यंतचं अंतर नव्या कामात कमीत कमी 5.3 मीटर ठेवतात. दोन्ही लाईनी तुमच्या अंगाला आल्या तर सगळ्यात बाहेरचा रूळ 10.6 मीटर तुमच्याकडे सरकतो, आणि भराव तेवढ्याच उंचीचा ठेवला तर त्याचा पायथाही तेवढाच सरकतो. एक-एक वाटून आली तर 5.3 मीटर. नदीकडे गेली तर तुमच्याकडे शून्य. यात आणखी एक मेख आहे. भरावाचा उतार साधारण एकास दोन धरतात: 4 मीटर उंच भराव असेल तर एका बाजूचा उतारच 8 मीटर जमीन खातो. जुने भराव याहून उभे असतात, नवे पसरट करतात, म्हणजे पायथा आणखी थोडा बाहेर. त्यापुढे गटार, कधी कामाची वाट. म्हणून दोन्ही लाईनी तुमच्या बाजूला आल्या तर आजच्या पायथ्यापासून 15 ते 20 मीटर मनात धरा. हा माझा अंदाज आहे, रेल्वेचा आकडा नव्हे.

तुमची पावलं 34. बाईमाणसाचं पाऊल दोन-सव्वादोन फुटांचं धरलं तर 20 ते 23 मीटर. म्हणजे घर अगदी काठावर आहे, खाचरं मात्र आत येऊ शकतात. पण पावलं नकोत, टेप घ्या. आणि कुंपणापासून मोजू नका. कुंपण म्हणजे रेल्वेची हद्द नव्हे. हद्दीचे दगड किंवा खांब वेगळे असतात. कित्येक ठिकाणी ते कुंपणाच्या बरेच बाहेर, कोणाच्या तरी बांधात, गवतात गाडलेले सापडतात. माझ्या सेक्शनमध्ये एका गृहस्थाने हद्दीच्या दगडावर तुळशीवृंदावन बांधलं होतं. दगड दाखवल्यावर म्हणाला, ‘साहेब, मी म्हटलं आजोबांनी रोवलेला असेल.’ तुमचा गट सरकारी मोजणीला टाका आणि क-प्रत, म्हणजे मोजणीचा सरकारी नकाशा, हातात घ्या. रेल्वेची मूळची जमीन तुमच्या बाजूला जास्त निघाली तर तुमचं कमी जाईल. उलटही निघू शकतं, पण ते आज कळलेलं बरं.

नकाशा मिळवायचा कसा? घरासमोरच्या विजेच्या खांबावर लहान पाटी असते: वर मुंबईपासूनचे किलोमीटर, खाली खांबाचा नंबर. तुमच्या पट्ट्यात वरचा आकडा 140 च्या आसपास असेल. रुळावर जायचं नाही, बाहेरून दिसतो. तुमच्या गटाच्या दोन्ही टोकांचे आकडे लिहून घ्या आणि माहितीच्या अधिकारात 10 रुपये फी भरून ‘या खांबापासून त्या खांबापर्यंत प्रस्तावित तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेचा आखणी नकाशा आणि लागणाऱ्या गटांची यादी’ मागा. ‘प्रकल्पाची माहिती द्या’ असं मोघम लिहिलंत तर उत्तरही मोघमच येतं.

जमिनीच्या कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण खरं काम वकिलाचं आहे. रेल्वे सक्तीने जमीन घेते तेव्हा 1989 च्या रेल्वे कायद्यात 2008 साली घातलेल्या प्रकरणाने घेते. आधी कलम 20-अ ची अधिसूचना निघते. तिचा सारांश दोन स्थानिक वर्तमानपत्रांत यावा लागतो, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. अधिसूचना प्रसिद्ध झाल्यापासून हरकतीला 30 दिवस. हे 30 दिवस लोक हमखास घालवतात, कारण तो कागद आपल्या दारात कोणी आणून देत नाही. तलाठ्याला, ग्रामसेवकाला सांगून ठेवा, आणि सुनेला सांगा, आठवड्यातून एकदा पेपरातल्या जाहीर सूचना वाचत जा. मोबदल्याच्या बाबतीत 2013 च्या भूसंपादन कायद्याचे निकष 2015 पासून रेल्वेलाही लागू आहेत: बाजारमूल्य, ग्रामीण भागात त्यावर 1 ते 2 मधला गुणक, वर झाडं-विहीर-बांधकामाची किंमत आणि या बेरजेवर 100 टक्के दिलासा रक्कम. ‘कवडी मिळणार नाही’ हे दिरांचं म्हणणं चूक आहे. तळेगावच्या माणसाला हे गणित पाठ आहे, म्हणून तर तो रोख घेऊन फिरतो आहे.

बाजारमूल्य ठरवताना मागच्या 3 वर्षांतली आसपासची खरेदीखतं बघतात आणि त्यातल्या जास्त किमतीच्या निम्म्या खतांची सरासरी काढतात. मावळात जमिनी काय भावाने जातात ते तुम्हाला माहीत आहे, आणि खतावर काय भाव लिहितात तेही. मुद्रांक वाचवण्यासाठी गावातल्या चार जणांनी आकडा खाली लिहिला की त्याचा दंड पाचव्याला बसतो. हे लिहून काही उपयोग नाही हे मला कळतं, तरी लिहितो.

वाटाघाटीने थेट खरेदी हाही एक मार्ग असतो. त्यात पैसे लवकर हातात येतात, म्हणून तो वाईट म्हणणार नाही. पण तिथे आपण राजीखुशीने सही केलेली असते. सक्तीच्या संपादनात रक्कम पटली नाही तर लवादाकडे जाता येतं, इथे ती वाट आपणच बंद करतो. सहीआधी दोन्हीकडची बेरीज कागदावर मांडून बघा. इसार पावती, कुलमुखत्यारपत्र यातलं काहीही कोणाला देऊ नका. मोबदला वाढावा म्हणून घाईने शेडही बांधू नका. रेल्वेच्या हद्दीपासून 30 मीटरच्या आतल्या बांधकामाला रेल्वेचा ना हरकत दाखला मागतात, तो नसेल तर तेच बांधकाम गळ्यात येतं.

आणि ताई, सातबाऱ्यावर सासऱ्यांचं नाव! इतकी वर्षं! उद्या तलाठी कार्यालयात जा आणि वारस नोंदीचा अर्ज द्या. मृत माणसाच्या नावाचा मोबदला वारसांचं भांडण मिटेपर्यंत पडून राहतो. तुमच्या सासऱ्यांच्या पैशाचं काय झालं ते तुम्ही पाहिलंच आहे. घर आणि खोल्या ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वर, म्हणजे घरांच्या नोंदवहीत, आहेत ना, तेही बघा. पुढे संयुक्त मोजणी होईल तेव्हा घरातल्या कोणीतरी हजर राहायचं, आणि विहीर, बोअर, पाइपलाइन, सहाही आंबे नोंदवून घेतल्याशिवाय पंचनाम्यावर सही करायची नाही. ‘झाडे 4’ असं लिहून निघून जाणारे पाहिले आहेत मी.

आता पाण्याकडे येतो. तुमच्या पत्रातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला प्रश्न हा आहे, आणि हा कोणी मोठा माणूस सभेत विचारणार नाही.

खंडाळा ते पुणे गाडी 1858 साली सुरू झाली. तेव्हापासून डोंगराचं पाणी आणि नदी यांच्या मधे तो भराव आडवा पडलेला आहे. पाणी पलीकडे जातं ते मोऱ्यांतून: कुठे घडीव दगडी कमान, कुठे चौकोनी पेटी, कुठे नुसता पाइप. तुमची खाचरं डोंगराकडे, म्हणजे पाणी तुमच्याकडे येतं आणि मोरीच्या तोंडाशी रांग लावतं. आज दोन-दोन दिवस तुंबतं याचा अर्थ एक तर मोरी गाळाने भरली आहे किंवा ती आधीपासूनच अपुरी आहे. नव्या लाईनीसाठी भराव रुंद केला की मोरी लांबवावी लागते. ती नीट लांबवली तर तुम्हाला फारसा फरक कळणारही नाही. नीट नाही लांबवली तर काय होतं, ते मला माहीत आहे, कारण ती चूक मी स्वतः केली आहे.

कुठल्या सेक्शनला ते सांगत नाही. नोकरीचं चौथं-पाचवं वर्ष. जुनी कमानीची मोरी, तिला पुढे 6 मीटर नवा तुकडा जोडायचा होता. मे महिना, पावसाच्या आत काम उरकायची घाई. जुन्या मोरीचा तळ म्हणून मी जी पातळी धरली, तो तळ नव्हताच. वर्षानुवर्षं बसलेला घट्ट गाळ होता. खाली फरशी आणखी हातभर खोल होती. मी पहार मारून बघितलं नाही. नवा तुकडा त्या गाळाच्या पातळीवर बसला, म्हणजे पाण्याच्या वाटेत कायमचा उंबरठा झाला. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात एक शेतकरी ऑफिसात आला. गुडघ्यापर्यंत चिखल, हातात उपटलेल्या रोपांची जुडी, मुळं काळी पडलेली. आवाज चढवला नाही. जुडी माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाला, ‘सायेब, हे वास घेऊन बघा.’ कुजलेल्या भाताचा वास अजून माझ्या नाकात आहे. तो उंबरठा फोडून पुन्हा बांधायला दोन उन्हाळे गेले, कारण चूक मान्य करायला आमच्या साहेबांना एक उन्हाळा लागला.

म्हणून हे करा. येत्या पावसाळ्यात पाणी तुंबेल तेव्हा मोरीच्या तोंडाचे फोटो काढा, दोन्ही अंगांनी. बाजूला माणूस उभा करा, म्हणजे उंची कळेल. तारीख दिसू द्या. आत्ता उन्हाळ्यात मोरी कोरडी असताना रुळांची देखभाल करणाऱ्या गँगच्या माणसांना विनंती करून तिचा खरा तळ किती खाली आहे ते बघून घ्या. आणि हरकतीत ‘पाणी तुंबेल’ असं लिहू नका, सगळेच लिहितात. ‘अमुक खांबाजवळची मोरी आजच अपुरी आहे, फोटो जोडले आहेत, ती नुसती लांबवू नये, रुंद करून मूळ तळाला बांधावी’ असं लिहा. जमीन जाणार नसली तरी हे पत्र द्या. ग्रामपंचायतीचा ठराव जोडलात तर उत्तम.

फाटकाचं तुम्ही ऐकलंत ते खरं असण्याची शक्यता दाट आहे. चार रुळांवरचं फाटक दिवसातून किती वेळ उघडं राहील, तुम्हीच विचार करा. बंद होणारच, प्रश्न फक्त त्याऐवजी काय देणार हा. पूल महाग, म्हणून भुयारी रस्ता देतात, आणि मावळातल्या पावसात भुयारी रस्ता म्हणजे तळं. मागायचं असेल तर उंची मागा (भाताची गाडी आणि अँब्युलन्स दोन्ही गेली पाहिजे) आणि त्यातलं पाणी उताराने कुठे जाणार ते नकाशात दाखवायला सांगा. ‘पंप बसवू’ हे उत्तर मान्य करू नका. पंपाला वीज लागते, आणि तुमच्याकडे पावसात वीज किती टिकते ते मी सांगायला नको.

राहिल्या लोकल. घाटात तीन लाईनी आहेत, वर लोणावळ्याला आलं की पुण्यापर्यंत दोनच. त्याच दोघींवर मेल, एक्स्प्रेस, मालगाडी आणि 1978 पासून तुमची लोकल. चौघी एका चुलीवर. त्यात लोकल धाकटी सून, तिनेच बाजूला व्हायचं. दुपारी गाडी मिळत नाही त्याचं मोठं कारण देखभालीचा ब्लॉक. दोनच लाईनी असल्या की एक बंद करून खाली काम काढलं की सगळी वाहतूक दुसरीवर येते, मग पहिली कात्री लोकलला. चार लाईनी झाल्या तर दोन बंद ठेवूनही दोन चालू राहतात. माझ्या मते तुमच्या सुनेला खरा फायदा इथे आहे, वेगात नाही.

पण रूळ पडले म्हणजे लोकल आपोआप येते असं मुळीच नाही. ठाणे–दिवा पाचवी-सहावी लाईन 18 फेब्रुवारी 2022 ला सुरू झाली. वर्षानुवर्षं रखडलेलं काम. 36 फेऱ्या वाढल्या, त्यातल्या 34 वातानुकूलित. त्याच ऑगस्टमध्ये कळवा आणि बदलापूरचे पासवाले प्रवासी रुळावर उतरले, कारण साध्या लोकलच्या जागी आलेली एसी गाडी त्यांच्या खिशाबाहेरची होती. शेवटी 10 एसी फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. इथेही मोकळी झालेली जागा मालगाड्यांनी आणि नव्या एक्स्प्रेसनी भरली तर कामशेतच्या फलाटावर काय बदललं? सप्टेंबर 2025 च्या मान्यतेनुसार खर्च 5,100 कोटी आणि त्यातला निम्मा राज्याचा. त्या निम्म्यात पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिका व पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) यांचाही वाटा आहे. हा पैसा मालगाड्यांसाठी दिलेला नाही. म्हणून ‘लोकल किती वाढतील’ हा प्रश्न रेल्वेला विचारण्याआधी आमदाराला विचारा: पैसे देताना रोजच्या किती फेऱ्या, दुपारच्या किती, साध्या डब्यांच्या किती, हे कुठे लिहून घेतलं आहे का? लिहिलेलं असेल तर त्याची प्रत मागा.

तुमच्या यजमानांना सांगा, ‘येईल तेव्हा बघू’ हे रेल्वेच्या बाबतीत चालत नाही. ती वर्षानुवर्षं येत नाही आणि मग एके दिवशी 30 दिवसांची मुदत देऊन येते. वारस नोंद आधी, मोजणी नंतर, मग माहितीचा अर्ज. मोरीचे फोटो काढलेत की एक संच सदराच्या पत्त्यावर मलाही पाठवा. तळाशी पहार मारून बघितलीत का, तेही कळवा.